स्लॅकमधला कोडिंग बॉट एकाच प्रश्नाला चारदा उत्तर देते, काऊन?

पुसदचा_पायथॉन:
पाच जणांची टीम आहे. दोघं पुसदला, बाकी वणी, आर्वी अन् दर्यापूरले. काम जिनिंगवरच्या कापूस आवकीच्या ॲपचं. स्लॅक या चॅट ॲपच्या चॅनेलमध्ये बॉटला @ करून विचारलं की आमचा फ्लास्कचा (पायथॉनच्या वेब लायब्ररीतला) कोड प्रश्न एआय मॉडेलकडे पाठवते, उत्तर आलं की चॅनेलमध्ये टाकते. पण तेच उत्तर लगेच दुसऱ्यांदा, मग मिनिटभरानं, मग पाच मिनिटांनी परत येते. बिल चौपट. थ्रेडमध्ये ‘आता यातच तारीख जोड’ म्हटलं तर ‘कशात?’ म्हणते. अन् लाइन गेली की टनेलचा (आपला सर्व्हर बाहेरून दिसावा म्हणून लावलेल्या टूलचा) पत्ता बदलते, तो स्लॅकच्या सेटिंगमध्ये पुन्हा भरावा लागते.

काळी_जमीन:
भाऊ, मॉडेलचा यात दोष नाही. स्लॅकनं इव्हेंट (मेसेज आल्याची सूचना) पाठवला की ३ सेकंदांत तुमच्या सर्व्हरनं २०० (‘पोचलं’ असा एचटीटीपी कोड) द्यायला पाहिजे. तुम्ही मॉडेलचं उत्तर येईपर्यंत २०० अडवून धरता. स्लॅकला वाटते इव्हेंट पोचलाच नाही, म्हणून तो आणखी तीनदा पाठवते: जवळपास लगेच, १ मिनिटानं अन् ५ मिनिटांनी. मूळचा एक धरून चार.

आधी २०० देऊन मोकळे व्हा, मॉडेलचं काम मागे वेगळ्या वर्करकडे द्या. चारही वेळी इव्हेंट आयडी तोच असते. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये तो युनिक कॉलमात टाका, इन्सर्ट फेल झालं तर तिथंच थांबा. ‘परत पाठवलेला’ असं सांगणारा रिट्रायचा हेडर दिसला की इव्हेंट फेकून द्या, असा सल्लाही भेटते. तो ऐकू नका. नेट गेल्यानं पहिला इव्हेंट पोचलाच नसेल, तर प्रश्न कायमचा हरवते.

अन् मेन्शनऐवजी चॅनेलचे सगळे मेसेज ऐकत असाल, तर बॉट आयडी असलेले मेसेज वगळा. नाहीतर बॉट स्वतःलाच उत्तरं देत बसते, कापूसकोंड्याची गोष्ट चालू.

आर्वी_टर्मिनल:
टनेल काढूनच टाका. ॲपच्या सेटिंगमध्ये सॉकेट मोड चालू केला की बॉट स्वतःहून स्लॅककडे वेबसॉकेट (सतत चालू राहणारी जोडणी) उघडते. बाहेरचा पत्ता लागतच नाही, डोंगलच्या नेटवरही चालते. त्यासाठी कनेक्शन्स-राइट स्कोपचं (परवानगीचं) ॲप-लेव्हल टोकन काढा. ते ‘एक्सएपीपी’नं सुरू होते, बॉटचं ‘एक्सओएक्सबी’नं, दोन्ही लागतात, अदलाबदल झाली की जोडणी होत नाही. फ्लास्कऐवजी स्लॅकचीच बोल्ट लायब्ररी घ्या, मेन्शनची पोच ती स्वतःच देते. लिनक्सच्या सिस्टमडीमध्ये रिस्टार्ट ऑलवेज ठेवा, म्हणजे बॉट बंद पडला की आपोआप सुरू होते. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटरसोबत राउटरही घ्या, तो हमखास राहून जाते.

थ्रेडचं म्हणाल तर इव्हेंटमध्ये तेवढा एकच मेसेज येते, मागचं काही नाही. त्यातला थ्रेड टीएस (थ्रेडची ओळख) घेऊन स्लॅकची कॉन्व्हर्सेशन्स रिप्लाइज ही एपीआय बोलवा, शेवटचे १५-२० मेसेज प्रश्नासोबत मॉडेलला द्या. उत्तर टाकतानाही थ्रेड टीएस द्या, नाहीतर ते थ्रेडबाहेर पडते.

पुसदचा_पायथॉन:
सॉकेट मोड चालला, उत्तर एकदाच येते. रिप्लाइज मागितले तर ‘मिसिंग स्कोप’ म्हणते. चॅनेल्स हिस्टरीचा स्कोप तर जोडला.

आर्वी_टर्मिनल:
स्कोप जोडल्यावर ॲप वर्कस्पेसमध्ये पुन्हा इन्स्टॉल करावं लागते, नुसतं सेव्ह करून भागत नाही. अन् चॅनेल प्रायव्हेट असेल तर ग्रुप्स हिस्टरी पाहिजे.

गाठ_१७०:
आवकीचं ॲप आहे म्हणून एक सांगते. बॉटच्या कायमच्या सूचनेत मापं लिहून ठेवा: वजन पूर्ण किलोत, भाव रुपये प्रति क्विंटल, १ क्विंटल म्हणजे १०० किलो, रुईची गाठ १७० किलोची. हे नसलं तर मॉडेल अमेरिकी ४८० पौंडांची गाठ, म्हणजे सुमारे २१८ किलो, धरू शकते. कोड बिनतक्रार चालते अन् साठ्याचा हिशोब चुकते. रक्कम फ्लोटमध्ये (दशांशात) ठेवू देऊ नका, पैशांत पूर्णांक ठेवा.

एररचा लॉग चॅनेलमध्ये टाकताना तो तीन बॅकटिकच्या (```) आत टाका, नाहीतर तारांकन-अंडरस्कोरचं ठळक-तिरपं होते अन् बॉट भलतंच वाचते. आणि त्या लॉगमध्ये शेतकऱ्याचा आधार नंबर, बँक खातं, डेटाबेसचा पासवर्ड असते. चॅनेलमधून मेसेज पुसला तरी मॉडेलकडे गेलेला मजकूर परत येत नाही. म्हणून पाठवण्याआधी कोडमध्येच रेजेक्स (मजकूर ओळखायचा पॅटर्न) लावून १२ आकडी नंबर झाका. आधार ४-४-४ असा जागा सोडूनही लिहितात, तोही पॅटर्नमध्ये घ्या.