टेसरॅक्ट तीन संगणकांवर बसवायचंय (विंडोज, मॅक, उबंटू), मराठी कुठेच वाचत नाही

वाचनालय_फोंडा

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं काम बघते. त्याआधी २९ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आमच्याकडे जत्रेला संगीत नाटक होतं आणि नाट्यमंडळ स्मरणिका काढायचं. १९६८ पासूनच्या ४१ स्मरणिका कपाटात आहेत. नायक-नायिकांची नावं लोकांच्या लक्षात असतात. पण पडदे कोणी रंगवले, पेटीवर कोण होतं, प्रॉम्प्टिंगला कोण बसलं, हे आता फक्त या पानांवर उरलंय. कागदाला कसर लागलीय, पिना गंजल्यात. पाऊस सुरू झाला की इथली दमट हवा आणखी खाणार, म्हणून मे संपायच्या आत पानं स्कॅन करून त्यातला मजकूर शोधता येईल असा करायचाय.

पानाच्या चित्रातला छापील मजकूर ओळखून लिहून देणारं टेसरॅक्ट नावाचं मोफत साधन आहे असं कळलं. तिघींनी काम वाटून घेतलंय. माझा लॅपटॉप विंडोज १० चा, भाचीचा एम१ मॅक, आणि वाचनालयात उबंटू २२.०४. तिन्हीकडे वेगळंच अडतंय.

विंडोजवर इन्स्टॉल झालं, पण आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) टेसरॅक्ट लिहिलं की अशी आज्ञाच नाही म्हणतं. मॅकवर ‘ब्रू’ (प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या होमब्रूची आज्ञा)च सापडत नाही. उबंटूवर चालतं, पण मराठी पानातून रोमन अक्षरांचा नुसता चिवडा येतो. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात तर मी वहीत उतरवून घेईन.

डिचोलीकर

बाई, आधी विंडोजचं सांगतो, कारण त्यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीय. तुमचं इन्स्टॉलेशन चुकलेलं नाही. प्रोग्रॅम सी ड्राईव्हमध्ये, प्रोग्रॅम फाईल्सच्या आत, टेसरॅक्ट-ओसीआर या फोल्डरमध्ये जाऊन बसलाय. पण तो तिथे आहे हे काळ्या खिडकीला माहीत नाही. विंडोज जिथे जिथे आज्ञा शोधतं त्या जागांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. इन्स्टॉलर त्या यादीत स्वतःची भर घालत नाही, ती आपण घालायची.

स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्न्मेंट’ शोधा, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स उघडा, वरच्या चौकटीत पाथवर दोनदा क्लिक करा, न्यू दाबा आणि त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता चिकटवा. मग ओके करत बाहेर या. काळी खिडकी बंद करून नव्याने उघडायला विसरू नका. आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच यादी धरून बसते, आणि माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं.

आता मराठी. मानहाइम विद्यापीठाचा इन्स्टॉलर वापरला असेल तर तो मध्येच जादा भाषांची यादी दाखवतो. तिथे मराठीवर खूण केली नाही तर फक्त इंग्रजी येतं. पुन्हा चालवून खूण करा. नाहीतर टेसरॅक्टच्या गिटहब पानावरून ‘मार डॉट ट्रेन्डडेटा’ ही फाईल उतरवून टेसडेटा फोल्डरमध्ये टाका. मार म्हणजे एम, ए, आर. फोल्डर प्रोग्रॅम फाईल्समध्ये असल्यामुळे ॲडमिनची परवानगी मागेल, ती द्या. नंतर ‘टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज’ लिहून यादीत मार दिसतंय का ते बघा. ते दिसेपर्यंत एकही पान चालवू नका.

मडगाव_टर्मिनल

मॅकबद्दल. होमब्रू इन्स्टॉल होऊन संपताना खाली ‘नेक्स्ट स्टेप्स’ म्हणून काही ओळी येतात. घाईत खिडकी बंद होते आणि त्या राहून जातात. एम१ वर होमब्रू ‘ऑप्ट’मधल्या ‘होमब्रू’ फोल्डरमध्ये बसतं, इंटेलच्या मॅकवर ‘यूझर लोकल’मध्ये, म्हणून एम१ ला या ओळी चालवाव्या लागतात. भाचीला त्या कॉपी करून चालवायला सांगा. पुढे ‘ब्रू इन्स्टॉल टेसरॅक्ट’. यात मराठी नसते. ‘ब्रू इन्स्टॉल टेसरॅक्ट-लँग’ केलं की शंभराहून जास्त भाषा एकदम उतरतात. डाउनलोड मोठं आहे, मोबाईलच्या डेटावर करू नका.

उबंटूवर ‘सूडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर-मार’. एवढंच राहिलंय. मात्र पान चालवताना भाषा सांगावीच लागते, नाहीतर ते इंग्रजी धरून चालतं:

टेसरॅक्ट पान१२.पीएनजी पान१२ -एल मार

ही एल म्हणजे रोमन वर्णमालेतलं लहान एल, एकचा आकडा नव्हे. दुसऱ्या पान१२ ला टीएक्सटी लावू नका, ते आपोआप लागतं. इंग्रजी जाहिराती असतील तर ‘मार+इंग’. पान चालवायची ही आज्ञा तिन्ही संगणकांवर सारखीच.

एक गोष्ट आधीच ठरवा. उबंटू २२.०४ मध्ये टेसरॅक्टची आवृत्ती ४.१.१ येते आणि होमब्रूत ५. त्यामुळे एकाच पानाचा मजकूर दोन संगणकांवर थोडा वेगळा येऊ शकतो. एक स्मरणिका पूर्ण एकाच संगणकावर करा. स्कॅन ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) हवं. पीडीएफ थेट चालत नाही, पानांची चित्रं लागतात. हाताने लिहिलेल्या मजकुराची आशा धरू नका, हे छापील अक्षरांसाठीच आहे.

वाचनालय_फोंडा

तिन्हीकडे चाललं! विंडोजवर यादीत मार दिसलं तेव्हा भाचीला फोन करून सांगितलं, आणि तिनेही तेव्हाच मॅकवर ‘नेक्स्ट स्टेप्स’ उरकले होते.

काल १९७४ ची स्मरणिका पूर्ण केली. काळ्या खिडकीत मराठीऐवजी चौकोन दिसत होते म्हणून घाबरले, पण फाईल नोटपॅडमध्ये उघडल्यावर अक्षरं नीट आली. जुन्या खिळ्यांची छपाई असल्याने रफार बऱ्याच ठिकाणी अनुस्वार होतोय, ‘पर्व’चं ‘पवं’. ते दर रविवारी दोघी बसून मूळ पानाशी ताडून दुरुस्त करतो.

माझे वडील पडदे रंगवायचे. त्यांचं नाव शोधात टाकलं तर १९७४ च्या स्मरणिकेत दोनदा सापडलं. दुसऱ्या ठिकाणी ते पडद्यांखाली नव्हतं, ‘प्रकाशयोजना’ या शब्दापुढे होतं. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. आईला पान वाचून दाखवलं.

एक अडचण उरलीय: जाहिरातींच्या पानांवर दोन रकाने असतात आणि ओळी एकमेकींत मिसळतात.

डिचोलीकर

बाई, त्या पानांचे स्कॅन मधोमध कापून दोन चित्रं करा आणि वेगवेगळी चालवा. पानाची मांडणी कशी आहे ते सांगणारे ‘--पीएसएम’चे पर्याय आहेत, पण अशा पानांना मला कापणंच खात्रीचं वाटतं. फाईलींना १२अ, १२ब अशी नावं द्या, म्हणजे क्रम राहील.