मदत हवी आहे: मुलांना सिद्धता लिहिता येत नाहीत

खडूफळा
चाचणी शुक्रवारी आहे, म्हणून घाईत लिहितेय. भूमितीच्या प्रमेयाचं विधान मुलांना तोंडपाठ आहे, आकृती बरोबर काढतात, पक्ष-साध्यही (काय दिलंय, काय सिद्ध करायचंय) लिहितात. त्यापुढे वही कोरी, नाहीतर भलतीच कारणं. दोनदा फळ्यावर सगळं करून दाखवलं, फरक नाही. खात्रीचा उपाय सांगा.

कंसातला
कितवी? प्रमेय कोणतं? भलती कारणं म्हणजे नेमकी काय? एखाद्या वहीतल्या ओळी जशाच्या तशा टाका, मॅडम. चूक बघितल्याशिवाय उपाय सांगता येणार नाही.

तिसरी मिती
प्रमेय कुठलंही असो, जिओजेब्रा हे भूमितीचं ॲप वापरा. मोफत आहे, मोबाईलवर चालतं. चार बिंदू नुसते जोडून समांतरभुज चौकोन काढला तर शिरोबिंदू ओढताच तो मोडतो. समांतर रेषेचं साधन वापरून काढला तर कितीही ओढा, संमुख भुजांची मापं सारखीच राहतात. गुणधर्म 'टिकतो' म्हणजे काय ते मुलांना डोळ्यांनी दिसतं.

गुण्या
इथेच गाडी अडते. मापं सारखी दिसली की मुलं म्हणतात, दिसतंय तर सिद्ध कशाला करायचं? आधी दिसण्यावरचा विश्वास हलवा. वर्तुळावर 2 बिंदू घेऊन जोडा, आत 2 भाग होतात. प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्यांशी जोडत गेलं की 3 बिंदूंना 4, 4 बिंदूंना 8, 5 बिंदूंना 16. सहा बिंदूंना किती, विचारलं की अख्खा वर्ग 32 म्हणतो. मोजल्यावर येतात 31. (सहा बिंदू समान अंतरावर घेऊ नका. तीन जीवा केंद्रात छेदतात आणि 30 च भाग मिळतात.)

तिसरी मिती
31 चं उदाहरण छान आहे, पण त्याने सिद्धतेची गरज पटते, लिहिता येत नाही. 1957 मध्ये नेदरलँड्समध्ये पिएर आणि डीना व्हॅन हीले या शिक्षक दांपत्याने पायऱ्या मांडल्या: आधी आकार ओळखणं, मग गुणधर्म सांगणं, मग गुणधर्मांचा एकमेकांशी संबंध लावणं, त्यानंतर सिद्धता. मधली पायरी गाळली की पाठांतरच उरतं. ओढून बघणं हे त्या मधल्या पायऱ्यांचंच काम आहे.

समांतर रेघ
नववीत खरी अडचण रचनेची असते. त्रिकोणाची परिमिती 12 सेमी, पायालगतचे कोन 60° आणि 80° दिले की मुलं 12 सेमीच्या रेषाखंडावर तेच कोन काढून मोकळी होतात. टोकांना निम्मे कोन हवेत, 30° आणि 40°. छेदनबिंदूपासून दोन्ही टोकांना जाणाऱ्या बाजूंचे लंबदुभाजक काढा. ते 12 सेमीच्या रेषाखंडाला जिथे छेदतील ते उरलेले दोन शिरोबिंदू. आणि कंपासचा स्क्रू आवळून घ्यायला सांगा. त्रिज्या सरकली की सगळंच चुकतं.

खडूफळा
रचना अडलेली नाही, तरी धन्यवाद. नववी, मराठी माध्यम, 62 मुलं, प्रोजेक्टर बंद, मोबाईलला वर्गात परवानगी नाही. प्रमेय: समांतरभुज चौकोनाच्या संमुख भुजा एकरूप असतात. कर्ण एसी काढतात. बहुतेक वह्यांत हे आहे: 'एबी = डीसी, बीसी = एडी, एसी सामाईक. म्हणून त्रिकोण एबीसी एकरूप त्रिकोण एडीसी, बाबाबा कसोटी.' (बाबाबा म्हणजे बाजू-बाजू-बाजू.)

कंसातला
आता कळलं. यात दोन वेगळ्या चुका आहेत, एकत्र सुधारायला जाऊ नका.

पहिली: साध्यच पुरावा म्हणून वापरलंय. पक्षात फक्त 'संमुख भुजा समांतर' एवढंच आहे. साध्याखाली लाल रेघ मारायला लावा. शेवटच्या ओळीआधी ते कुठेही आलं तर ती ओळ खोडायची.

दुसरी: अक्षरांचा क्रम. एबीसी आणि एडीसी एकरूप म्हटलं की एबी = एडी होतं, म्हणजे प्रत्येक समांतरभुज चौकोन समभुज ठरतो! हे मुलांकडूनच वदवून घ्या. मग 10 सेमी, 6 सेमी आणि 60° कोनाचा चौकोन कापून घ्या. कर्ण एसीवर घडी घातली तर बी काही डीवर पडत नाही. आता कर्णावर कापा, एक तुकडा न उलटता अर्धा फेरा फिरवून दुसऱ्यावर ठेवा: ए सीवर, बी डीवर, सी एवर. म्हणून क्रम एबीसी, सीडीए. समभुज चौकोन मात्र घेऊ नका, तिथे घडीसुद्धा जुळते आणि मूळ मुद्दाच हातातून जातो.

गुण्या
कापाकापी सातवीला ठीक. नववीला कोन शोधणं जमलं पाहिजे. एबी आणि डीसी समांतर असतील तर बी-ए-सी-डी असं बोट फिरवायचं, नागमोडी वळण होतं. वळणातले दोन कोन, बीएसी आणि डीसीए, हे व्युत्क्रम, म्हणून एकरूप. बीसी आणि एडीसाठी बी-सी-ए-डी. त्यातून बीसीए आणि डीएसी. मधे एसी सामाईक, झाली कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटी.

कंसातला
दोन्ही लागतं. बोट फिरवून कोन सापडतील, पण क्रम का उलटतो ते कागद फिरवल्यावरच समजतं.

खडूफळा
62 मुलांना कसं जमवू? हातात फक्त दोन तास आहेत.

कंसातला
बाकावर तीन मुलं धरली तर 21 गट. एका ए4 कागदातून असे चार चौकोन आरामात निघतात, म्हणजे सहा कागद पुरले. पहिल्या तासाची 15 मिनिटं घडी आणि फिरवणं, उरलेल्या वेळात बोट फिरवून कोन. दुसऱ्या तासाला चिठ्ठ्या: सात विधानं पांढऱ्या कागदावर, सात कारणं रंगीत कागदावर, शिवाय दोन चुकीची कारणं मुद्दाम मिसळायची, 'बाबाबा' आणि 'संगत कोन'. लावायला शेवटच्या ओळीपासून सुरुवात: एबी = सीडी हे कशावरून मिळेल? एकरूप त्रिकोणांवरून. ते एकरूप कशावरून? असं मागे मागे जात पक्षापर्यंत. मग चिठ्ठ्या उचलून वहीत लिहायला लावा, आणि त्या वेळी आकृतीला पीक्यूआरएस नावं द्या. तिथे जो अडेल, त्याने आधीची ओळन् ओळ पाठ केलेली होती असं समजा.