मदत हवी आहे: स्पोर्टिंग क्लेसाठी कमी धक्क्याची सेमी-ऑटो

मंडळी, अमेरिकेत क्ले नेमबाजी, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडण्याचा खेळ, खेळणाऱ्यांना विचारतोय. खांदा दुखरा, एका फेरीत १०० चकत्या, १२ बोअर, ३० इंची नळी. सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक, आणि त्यातही बाराच्या गॅसवर चालणारी घ्यायची हे नक्की. प्रश्न बेरेटा ए४०० एक्ससेल की ब्राउनिंग मॅक्सस, एवढाच.

बेनेली बाद केली. तिची इनर्शिया बंदूक (गॅसऐवजी धक्क्याच्या जोरावर काडतूस बदलणारी) स्वच्छ राहते आणि वजनाला हलकी, पण तो हलकेपणाच खांद्यावर येतो. शिवाय हलकं काडतूस घालून बंदूक सैल धरली तर बोल्ट (रिकामं काडतूस काढून नवं भरणारा सरकता भाग) पुरता मागे जात नाही, आणि दुसरी चकती नुसती बघत बसायची.

काडतूस ७/८ औंसाचं, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम छऱ्यांचं. १ १/८ औंसाच्या तुलनेत, वेग तोच धरला, तर धक्का साधारण पाचव्या हिश्श्याने उतरतो. म्हणून विचारायचंय ते असं:

नव्या बंदुकीत ७/८ औंस पहिल्या दिवसापासून खटकन बाहेर पडतं का, की आधी जड काडतुसांनी रुळवावी लागते?

पिस्टनवरची (गॅसने ढकलला जाणारा भाग) काजळी किती फेऱ्यांनी काढता? तेल जास्त झालं की तीच काजळी चिकट होऊन बसते, हे माहीत आहे.

बेरेटाचा किक-ऑफ (दस्त्यातला धक्का शोषणारा भाग) दाबला जाताना दस्ता गालाखाली सरकतो का? खांदा वाचवून गालफड सुजवण्यात अर्थ नाही.

आणि शिम (दस्ता बसवतानाची पातळ पट्टी) बदलून दस्त्याची उंची जमवलेल्यांनी आपली मापं जरूर टाका.