शब्दचर्चा : ‘विंटेज’ सदरा – जुना की जुन्या धाटणीचा?

रामबाग, इंदूर
‘विंटेज वर्कवेअर शर्ट’ या नावाखाली हल्ली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे अमेरिकेतल्या रेल्वेत, शेतावर किंवा कारखान्यात कुणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी खरोखर वापरलेला सदरा. दुसरी म्हणजे गेल्या महिन्यात शिवलेला, पण कापड, कॉलर, खिसे त्या काळासारखे असलेला. दुसऱ्याला ‘विंटेज-स्टाइल’ म्हणतात, पण विकताना ‘स्टाइल’ गळून पडतं आणि भाव पहिल्याचा लागतो. मराठीत या दोहोंना वेगळे शब्द हवेत असं मला मनापासून वाटतं. नुसतं ‘जुना’ चालत नाही. तांदूळ जुना असला की त्याचा मान वाढतो, कपडा जुना म्हटला की बोहारणीचं गाठोडं डोळ्यांपुढे येतं. आणि सदऱ्याचा काळ ओळखण्याला काय म्हणावं? ‘कालनिश्चिती’ ताम्रपटाला शोभते, इथे जड होते.

परदेशीपुरा, इंदूर
ताई, ‘विंटेज’चा मूळ अर्थ द्राक्षांच्या एका हंगामाची तोड आणि त्या सालाची वाइन. म्हणजे साल शब्दाच्या पोटातच आहे. तेव्हा सरळ ‘साल ठरवणे’ म्हणा. ‘साल काढणे’ नको, त्यात केळ्याची साल मध्ये येते. खऱ्या जुन्याला ‘त्या काळचा’ आणि नव्याला ‘जुन्या धाटणीचा’ म्हणावं. ‘त्या काळचा’ म्हटलं की ‘कोणत्या काळचा?’ हा प्रश्न लगेच विचारता येतो, म्हणून मला तो शब्द पसंत आहे.

साल ठरवताना खरेदी करणारे कापडाच्या किनारीवर फार भिस्त ठेवतात. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या घरात मिलचे शब्द अजून बोलले जातात. धोटा म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडे नेणारं मागाचं साधन. धोट्याच्या मागावर बाणा, म्हणजे तो आडवा दोरा, कडेपर्यंत जाऊन वळतो आणि परत येतो, त्यामुळे किनार आपोआप बांधली जाते. बिनधोट्याच्या मागावर तोच दोरा दर फेरीला कापला जातो आणि कडेला दशा राहतात. जुन्या सदऱ्यांत पुढच्या पट्टीच्या आत पुष्कळदा बांधीव किनार सापडते, हे खरं. पण धोट्याचे माग जपानात आजही चालू आहेत, आपल्याकडे अहमदाबादेतही तसं डेनिम विणलं जातं. म्हणून किनारीवरून धाटणी कळते, साल कळत नाही.

सालासाठी लेबल पाहावं. धुलाईच्या सूचना कपड्यावर कायमच्या लावणं अमेरिकेत 1972 पासून सक्तीचं झालं. मूळ शिवणीतच तशी चिठ्ठी असेल तर सदरा बहुधा त्यानंतरचा. नसेल तर आधीचा असू शकतो, पण चिठ्ठी कुणी कापून टाकलेली नाही ना, हे शिवणीत अडकलेल्या तुकड्यावरून तपासावं. अमेरिकन लेबलांवर छापलेले ‘आरएन’ क्रमांक 1950 च्या दशकात सुरू झाले. तो क्रमांक कंपनीच्या नोंदणीचा असतो आणि पुढे कितीतरी वर्षं तोच छापला जातो. त्यावरून सदरा अमुक सालाच्या आधीचा नाही एवढंच म्हणता येतं. ‘सॅनफोराइज्ड’चंही तसंच. कापड आधीच आटवून घेण्याची सॅनफर्ड क्लूएटची ही रीत 1930 च्या सुमाराची, तेव्हा तो शिक्का असलेला सदरा त्याच्या आधीचा नाही.

स्नेहलतागंज, इंदूर
‘जुन्या धाटणीचा’ला माझं अनुमोदन. एक पुरवणी : चँब्रेला डेनिम म्हणू नये. चँब्रेची वीण मांजरपाटासारखी साधी, एक दोरा वर, एक खाली. ताणा, म्हणजे उभा दोरा, निळा, बाणा पांढरा. डेनिमची वीण तिरकी. अमेरिकन नौदलाचे खलाशी दुसऱ्या महायुद्धात कामाला घालत तो फिका निळा शर्ट चँब्रेचा, आणि त्याखालची पँट डंगरीची. हा डंगरी शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला असं सांगतात. तिथे मिळणारं जाडंभरडं कापड ते. मग ‘वर्कवेअर’ला ‘डोंगरी सदरा’ म्हटलं तर?

परदेशीपुरा, इंदूर
काका, कल्पना गोड आहे, पण आज डंगरी म्हटलं की लोकांना लहान मुलांचा पट्ट्यांचा पोशाख दिसतो. गोंधळ वाढेल.

सुदामानगर, इंदूर
मी शिवणकाम करते. ‘कामाचा सदरा’ पुरेसं आहे. ‘पैरण’ही कष्टकऱ्यांचीच, पण तिचा बेत वेगळा, अमेरिकन शर्टाला ते नाव देऊ नये, पैरणीवर अन्याय होईल. बाकीच्या भागांना आमचे शब्द आहेतच. कुशीला, बाहीच्या जोडावर तीन रांगा शिवण असते तिला ‘तिहेरी टीप’ म्हणा. खालच्या घेराजवळ दोन्ही बाजू जिथे मिळतात, तिथे फाटू नये म्हणून तिकोनी तुकडा लावलेला असतो. कुडत्याच्या बगलेत चौबगला लावतात त्यामागचा विचार तोच, की ताण शिवणीवर न येता कापडावर यावा.

आणि दोरा पाहायला विसरू नका. आतल्या बाजूचं एखादं सुटं टोक कापून चिमट्यात धरून जाळा. सुती दोरा कागदासारखा जळून भुरभुरीत राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. पॉलिएस्टर बाजारात आलं तेच 1950 च्या दशकात. 1930 चा म्हणून सांगितलेल्या सदऱ्यात गोळी झाली, तर एकतर तो तेव्हाचा नाही किंवा नंतर उसवून परत शिवलाय.

रामबाग, इंदूर
सगळ्यांचे आभार. तर ‘जुन्या धाटणीचा कामाचा सदरा, चँब्रे, तिहेरी टीप’ हे नव्यासाठी, आणि ‘त्या काळचा’ लिहिलं तर शेजारी दशक लिहिलंच पाहिजे. एक शब्द राहिला. दुकानात पडून राहिलेला, कधीच न वापरलेला जुना माल ‘डेडस्टॉक’ म्हणून सर्वांत महाग विकतात. त्याला ‘कोरा’ म्हणावं का?

सुदामानगर, इंदूर
कोरा म्हणजे पाणी न लागलेला. हाताला खळ लागत असेल तरच कोरा म्हणा. धुऊन ठेवलेला, पण कुणी अंगात न घातलेला असेल, तर आपल्याकडे म्हणतातच : घडी न मोडलेला.