अक्विला एक्स-१ चा उद्रेक लवकर पकडण्यासाठी उंबरठा किती ठेवावा?

मदत हवी आहे. अक्विला एक्स-१ (न्यूट्रॉन तारा आणि साधा तारा यांची क्ष-किरण देणारी जोडी) साधारण वर्षाला एकदा भडकतो. क्ष-किरणांआधी काही दिवस तो दृश्य प्रकाशात वाढू लागतो, ती चढण पकडायची आहे. मॅक्सी आणि स्विफ्ट-बॅट या अवकाशातल्या क्ष-किरण उपकरणांचे रोजचे आलेख बघतोच, पण तिथे दिसेपर्यंत सुरुवात निसटलेली असते.

साधने: १४ इंची दुर्बीण, थंड केलेला सीमॉस कॅमेरा, व्ही (हिरवट-पिवळ्या प्रकाशाचा) फिल्टर, ३०० सेकंदांच्या फ्रेम एकत्र करून. १९ प्रतीच्या आसपास त्रुटी ०.१ प्रत (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा लहान तितका तारा तेजस्वी). सीइंग, म्हणजे हवेमुळे ताऱ्याचा ठिपका पसरतो तो, ३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग).

खरी अडचण शेजाऱ्याची. अर्ध्या विकलेच्या आत १९.४ प्रतीचा दुसराच तारा आहे. आपला तारा शांत असताना २१.६, म्हणजे शेजारी साडेसात पट तेजस्वी. त्यामुळे खरी वाढ एक प्रत झाली तरी एकत्रित ठिपका जेमतेम ०.१८ ने उजळतो, तो गोंगाटातच जातो. प्रकाश मोजायचे वर्तुळ (छिद्र) लहान करून पाहिले, उपयोग नाही. या सीइंगला दोघे वेगळे होणे शक्यच नाही. तुलनेचे तारे बदलले, तेही स्थिर आहेत. मोठी दुर्बीण मिळणार नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य आड येतो.

प्रतिमा-वजाबाकीने (नव्या फ्रेममधून जुनी संदर्भ-फ्रेम वजा करून) त्रुटी ०.०५ पर्यंत खाली येईल का? की सलग तीन रात्री ०.१५ वाढ, एवढ्यावर इशारा द्यावा?