शब्दचर्चा: ‘पॅसिव्ह कूलिंग’ला काय म्हणावं?

लातूरकर:
डिप्लोमाच्या पोरांसाठी लॅपटॉपच्या पंख्यावर टिपण करायलोय. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथून ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, मग प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली ‘सिस्टिम कूलिंग पॉलिसी’. पर्याय दोन, ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह. ‘निष्क्रिय’ लिहिलं की पोरं पंखा बंद समजायलेत. शब्द सुचवा.

परभणीकर:
‘निष्क्रिय’ खोडाच. ॲक्टिव्हमध्ये तापलं की आधी पंख्याचा वेग वाढतो, तेवढ्यानं भागलं नाही तरच प्रोसेसर मंदावतो. पॅसिव्हमध्ये आधी प्रोसेसर मंदावतो, पंखा नंतर. सरळ ‘आधी पंखा’ आणि ‘आधी मंद’ लिहा.

जालनेकर:
मंद कोण, पंखा का प्रोसेसर? ‘आधी आवर’ करा सर. थ्रॉटलिंगलाही, म्हणजे तापू नये म्हणून प्रोसेसर मंदावण्याला, मग ‘आवर घालणं’ चालतं. आणि एक ओळ टाका: बऱ्याच नव्या लॅपटॉपांत हा पर्याय दिसतच नाही, पंखा बोर्डावरचा एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे वेगळी छोटी चिपच चालवते.

लातूरकर:
‘आधी आवर’ घेतला. आता लिनक्स. पंखा चालवणाऱ्या फॅनकंट्रोल प्रोग्रामच्या फायलीतले मिनस्टार्ट आणि मिनस्टॉप, दोन्ही ‘किमान वेग’च व्हायलेत.

परभणीकर:
वेग नव्हे ते. पंख्याला द्यायच्या पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे पंख्याला किती जोर द्यायचा त्या इशाऱ्याच्या, किमती आहेत, 0 ते 255 मधल्या. थांबलेला पंखा ज्या किमतीला फिरू लागतो ती मिनस्टार्ट. फिरता पंखा ज्या किमतीपर्यंत फिरत राहतो ती मिनस्टॉप. पहिली सहसा मोठी असते. व्होल्टेज कमी असलं की विहिरीवरची मोटार उचलत नाही म्हणतो ना, तोच शब्द घ्या: ‘उचल’. दुसरीला ‘टिकाव’. उचल 90 ला होत असेल तर फायलीत 110 ठेवा. बेअरिंग झिजलं, धूळ बसली की तोच पंखा 90 ला हलत नाही. किमती अंदाजानं भरू नका: आधी सेन्सर शोधणारी सेन्सर्स-डिटेक्ट कमांड, मग पंखा तपासून फाइल बनवणारी पीडब्ल्यूएमकॉन्फिग. चाचणीत ते पंखा थांबवतं, तेव्हा जड काम चालू नसावं.

जालनेकर:
पुष्कळ लॅपटॉपांवर पीडब्ल्यूएमकॉन्फिगला पंखा सापडतच नाही, तेही लिहा. थिंकपॅड लॅपटॉप असेल तर लिनक्सच्या थिंकपॅड-एसीपीआय मॉड्यूलला फॅन-कंट्रोल=1 द्यायचं; मग 0 ते 7 पायऱ्या आणि ऑटो मिळतं. 0 म्हणजे पंखा बंद, तेव्हा वॉचडॉग, म्हणजे राखणीचा टायमर, लावल्याशिवाय त्याला हात लावू नये. त्याला 120 सेकंदांपर्यंत मुदत देता येते. प्रोग्राम अडकला तर मुदत संपल्यावर पंखा आपोआप चालू होतो.

लातूरकर:
आणि हिस्टेरिसिस? कोशातला शब्द पोरांच्या तोंडी बसंना.

परभणीकर:
‘चढ-उतारातली फट’ म्हणा. 60 अंशांना पंखा चालू, 59 ला बंद असं ठेवलं की तो नुसती धरसोड करतो. 60 ला चढ, 52 ला उतार द्या. उतार 45 ला मात्र नको. मे महिन्यात आपल्याकडं खोलीच 40 च्या घरात असती, पंखा दिवसभर थांबायचाच नाही.