काय-स्क्वेअरच्या पी-व्हॅल्यूबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. प्रशियन सैन्यात 1875 ते 1894 मध्ये घोड्याची लाथ लागून झालेल्या मृत्यूंची नोंद (10 कोअर म्हणजे सैन्याचे मोठे विभाग, 20 वर्षं, एकूण 200 नोंदी) पॉयसाँ वितरणात (क्वचित घडणाऱ्या घटनांच्या संख्येचं गणिती सूत्र) बसते का, हे तपासतेय. मृत्यू 0, 1, 2, आणि 3 किंवा जास्त असे गट केले; प्रत्येकातल्या नोंदी अनुक्रमे: 109, 65, 22, 4. सरासरी 0.61 याच माहितीतून काढली. काय-स्क्वेअर (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांमधल्या फरकाचं माप) साधारण 0.32 येतो.

अडलंय पुढे. एक्सेलचं तयार फंक्शन 3 स्वातंत्र्यमात्रा (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या संख्या) धरून पी-व्हॅल्यू (वितरण खरंच लागू असेल तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) 0.96 देतं, हाताने 2 धरून 0.85. सरासरी अंदाजलेली असल्याने 2च बरोबर ना? निष्कर्ष बदलत नाही, पण मला आकडा बरोबरच हवाय. शिवाय शेवटच्या गटाची अपेक्षित संख्या 4.82, म्हणजे या चाचणीसाठी सहसा पाळतात त्या पाचाच्या मर्यादेहून कमी. गट जोडले तर स्वातंत्र्यमात्रा एकच उरते! त्यापेक्षा सिम्युलेशनने (संगणकावर याच वितरणातून पुन्हा पुन्हा कृत्रिम आकडे बनवून) पी-व्हॅल्यू काढावी का? आणि त्यात दर वेळी सरासरी नव्याने काढायची का?